विकत घेतलेली गर्दी आणि कमावलेले गिऱ्हाईक

गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारची गोष्ट. ऑफिसला सुट्टी होती, म्हणून मी वस्तीतल्या मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरत बसलो होतो. तेवढ्यात मागच्या गल्लीतल्या वहिनी आपल्या मुलीला घेऊन आल्या. चेहरा उतरलेला. त्यांच्या पतीची कंत्राटी नोकरी सुटून वर्ष होत आले होते. वहिनींच्या हाताला मात्र एक कसब आहे. जुन्या लुगड्यांच्या, साड्यांच्या गोधड्या त्या हाताने शिवतात. टाका इतका बारीक आणि सरळ की पाहत राहावे. हे काम त्या सासूबाईंकडून शिकल्या.

हल्ली शहरातल्या लोकांना हाताने शिवलेल्या गोधडीचे अप्रूप वाटते, हे मुलीने फोनवर पाहिले होते. तिने आईसाठी इन्स्टाग्रामवर एक पान उघडले. वहिनींनी बचत गटातून दहा हजारांचे कर्ज काढले. अस्तर, दोरा, धुलाई, चार नमुन्याच्या गोधड्या यांत सहा-सात हजार गेले. उरले तीन हजार. ते एका ओळखीच्या पोराने घेतले. म्हणाला, "काकू, तुमच्या पानाला पंधरा हजार फॉलोअर्स आणून देतो. गर्दी दिसली की गिऱ्हाईक आपोआप येतं."

"भाऊ, त्यानं फसवलं म्हणता येत नाही," वहिनी म्हणाल्या. "बोलला तेवढे आणून दिले. हे बघा, पंधरा हजार दोनशे. पण दोन महिन्यांत एक गोधडी गेली नाही. आणि गटाचा हप्ता काही थांबत नाही."

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडे सांगतो. फॉलोअर म्हणजे आपल्या पानावर नवीन काही आले की ते आपल्याला दिसावे, असे बटण दाबून कळवणारा माणूस. दुकानासमोर थांबून रोज नवीन काय आले ते पाहून जाणारा शेजारी समजा. असे शेजारी जितके जास्त तितका धंदा वाढेल, ही समजूत काही चुकीची नाही. प्रश्न एवढाच आहे की, ते खरोखर माणूस आहेत काय? आणि असले तरी त्यांना गोधडी हवी आहे काय?

आम्ही तिघांनी मिळून ती यादी उघडली. बहुतेक नावांत अक्षरांचा आणि आकड्यांचा गोंधळ. फोटो नाही, स्वतःचे काही लिहिलेले नाही. काही नावे दूरच्या देशांतली, त्या भाषा आम्हाला वाचताही येईनात. प्रत्येक फोटोखाली पसंतीच्या खुणा दहा-अकरा, आणि त्यातल्या आठ वहिनींच्या नात्यातल्या! पंधरा हजार दोनशेंच्या त्या गर्दीत गोधडी पांघरणारे कोणी नव्हतेच.

वहीतली ख्याती

मी बी.कॉम. झालो तेव्हा हिशेबशास्त्रात 'ख्याती' म्हणजे गुडविल नावाचे एक खाते शिकवले होते. चालू धंदा विकत घेताना त्याच्या मालमत्तेच्या किमतीपेक्षा जी जास्त रक्कम मोजली जाते ती ख्याती. नियम असा की, स्वतः कमावलेली ख्याती वहीत मालमत्ता म्हणून दाखवायची नाही. विकत घेतलेली तेवढी दाखवायची. हिशेब तपासनीसाच्या दृष्टीने ते बरोबरही आहे, कारण कमावलेल्या नावाची किंमत ठरवायची कशी?

फॉलोअर्सच्या बाबतीत याच्या नेमके उलटे आहे. विकत घेतलेले तेवढे पानावर ठळक दिसतात आणि त्यांची किंमत शून्य. कमावलेले मोजक्या आकड्यात असतात, पण घर त्यांच्यावर चालते. वहिनींना मी म्हटले, "ते तीन हजार तोटा खाती टाका. त्यांना मालमत्ता समजून जपत बसाल तर आणखी बुडाल."

आणखी बुडाल असे का म्हटले? कारण खोटी गर्दी नुसती निरुपयोगी नसते, ती नुकसानही करते. आपण एखादा फोटो किंवा व्हिडिओ टाकला की तो किती लोकांपुढे न्यायचा हे त्या कंपनीचे यंत्र ठरवते. ज्यांना तो आधी दाखवला ते किती वेळ थांबले, पसंती दिली काय, दुसऱ्याला पाठवला काय, हे ते पाहते. आता पंधरा हजार निर्जीव नावांपुढे तो फोटो गेला तर कोण थांबणार? यंत्राचा समज होतो की यात कोणाला रस नाही, आणि खऱ्या माणसांपर्यंतही तो पोहोचणे कमी होते. शिवाय चाणाक्ष गिऱ्हाईक पाहतेच. पंधरा हजार फॉलोअर्स आणि फोटोखाली एकही प्रश्न नाही, म्हटल्यावर त्याला शंका येते. आणि एकदा शंका आली की तो पैसे आधी पाठवत नाही.

हा बाजार काही आपल्या गल्लीपुरता नाही. डिसेंबर २०१४ मध्ये इन्स्टाग्रामने खोटी खाती काढून टाकली तेव्हा नामवंत लोकांचेही आकडे एका दिवसात कोसळले होते. जानेवारी २०१८ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने अमेरिकेतल्या अशा एका फॉलोअर्स विकणाऱ्या कंपनीचे बिंग फोडले आणि २०१९ मध्ये तिच्यावर तिथल्या सरकारी व्यापार आयोगाने कारवाई केली. आपल्या मुंबईत २०२० साली एका गायिकेच्या नावे खोटे खाते उघडल्याची तक्रार आली. तिच्या तपासात पोलीस फॉलोअर्स विकण्याच्या धंद्यापर्यंत जाऊन पोहोचले. मोठ्या माणसांना नुकसान सोसवते. बचत गटाच्या पैशावर उभ्या राहिलेल्या बाईला ते सोसवत नाही.

तेवीसपासून सुरुवात

मी सुचवले की जुने पान बंद करावे आणि नवे उघडावे. एकेक खोटे नाव काढता येते, पण पंधरा हजार नावे काढायला किती रविवार लागतील? मुलगी रडकुंडीला आली. कॉलेजातल्या मैत्रिणींना तिने तो आकडा दाखवला होता. वहिनी थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "बंद कर गं. रिकाम्या हंड्याला किती दिवस झाकण घालायचं?"

नवे पान उघडले. पहिल्या आठवड्यात तेवीस माणसे जमली. गल्लीत चेष्टा झाली. "पंधरा हजारांवरून तेवीसवर आल्या," असे नळावर बोलले गेले. ते ऐकून घेणे हीच या सगळ्या प्रकरणातली सर्वांत अवघड गोष्ट होती. त्या वेळी वहिनींनी पुन्हा कोणाला हजार-पाचशे देऊन आकडा फुगवला असता तर आज हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती.

मग काय केले ते क्रमाने सांगतो. यात जादू नाही. तुमच्या घरी कोणी मसाले, पापड, लोणची करीत असेल, शिवणकाम करीत असेल, तर हेच त्यांनाही लागू पडेल.

पहिली गोष्ट, सगळीकडे हातपाय पसरले नाहीत. एक इन्स्टाग्रामचे पान आणि एक व्हॉट्सॲप बिझनेस, बस्स. हे धंद्यासाठीचे व्हॉट्सॲप २०१८ साली आले. ते फुकट आहे. त्यात मालाचे फोटो, वर्णन आणि किंमत यांची यादी लावता येते. चार ठिकाणी अर्धवट पाने ठेवण्यापेक्षा एका ठिकाणी रोज दिवा लागलेला बरा.

दुसरी गोष्ट, तयार गोधडीचा फोटो टाकून "ऑर्डरसाठी संपर्क करा" एवढेच लिहिणे बंद केले. त्याऐवजी काम दाखवले. साडी धुऊन वाळत घातलेली, तिच्या घड्या, थर कसे रचले, चारी बाजूंनी टाका आत आत कसा येतो. उजेड खिडकीचा आणि आवाज वहिनींचा स्वतःचा. मुलीला वाटत होते की शुद्ध पुस्तकी मराठीत बोलावे, पार्श्वसंगीत लावावे. मी म्हटले, वहिनी स्वयंपाकघरात जशा बोलतात तशाच बोलू द्या. लोकांना जाहिरात रोजच ऐकू येते. काम जाणणाऱ्या बाईचे बोलणे त्यांना क्वचित ऐकायला मिळते.

तिसरी गोष्ट, किंमत उघड लिहिली. अनेकजण "किंमत मेसेजमध्ये सांगू" असे लिहितात. त्यामुळे गिऱ्हाईकाला वाटते की आपला चेहरा पाहून भाव ठरणार. वहिनींनी सरळ लिहिले: बाळाची गोधडी ७०० रुपये, मोठी गोधडी, साड्या तुमच्या, मजुरी २,५०० रुपये, लागणारे दिवस पंधरा ते वीस. भाव पाहून जाणारे गेले. राहिले ते गंभीर होते.

चौथी गोष्ट, विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला त्याच दिवशी उत्तर. रात्री जेवणे झाली की मायलेकी अर्धा तास बसतात आणि उत्तरे देतात. "आमच्या आजीपण अशीच गोधडी शिवायच्या" असे नुसते कोणी लिहिले तरी "कुठल्या गावच्या?" म्हणून वहिनी विचारतात. त्यात विक्री नसते, पण ओळख होते.

पाचवी गोष्ट, वार ठरवला. आठवडी बाजाराचा वार गावाला पाठ असतो, तसा वहिनींचा शनिवार. शनिवारी संध्याकाळी नवे काम दिसणार म्हणजे दिसणार. रोज उठून वाटेल तेव्हा चार फोटो टाकायचे आणि मग महिनाभर गायब, असे केले की लोक विसरतात.

विरलेल्या साडीची गोष्ट

दुसऱ्या महिन्यात एका परिचारिका ताईंनी आपल्या वारलेल्या आईच्या पाच साड्या आणून दिल्या. ही सोपी गोष्ट नाही. आईच्या साड्या अनोळखी बाईच्या हाती कात्रीखाली द्यायच्या! त्यातली एक साडी इतकी विरली होती की ओढली तर फाटावी. वहिनींनी फोन करून सांगितले, "ताई, ही वर लावली तर दोन धुण्यांत जाईल. मी हिला आतल्या थरात घालते. दिसणार नाही, पण गोधडीत राहील." ताई होकार देताना फोनवरच रडल्या.

त्यांची परवानगी घेऊन, नाव न सांगता, वहिनींनी ही गोष्ट एका लहान व्हिडिओत सांगितली. विरलेली साडी आत घालताना हात तेवढे दिसतात. हा व्हिडिओ लाखोंनी पाहिला नाही. साडेसहाशेजणांनी पाहिला. पण सातजणींनी चौकशी केली आणि दोघींनी साड्या पाठवल्या. पंधरा हजारांनी जे केले नाही ते साडेसहाशेंनी केले, कारण ते खरे होते.

मग एक वाईट प्रसंगही आला, तोही सांगितला पाहिजे. एका गोधडीत लाल काठाच्या साडीचा रंग पहिल्याच धुण्यात पांढऱ्या कापडावर उतरला. गिऱ्हाईकाने पानावर सर्वांसमोर तक्रार लिहिली, फोटोसकट. मुलीने ती पुसून टाकायचे ठरवले होते. तसे करता येते. वहिनींनी विचारले तेव्हा मी म्हटले, "पुसाल तर तक्रार जाईल, पण तक्रार पाहिलेली माणसे कुठे जातील?" वहिनींनी तिथेच उत्तर लिहिले: चूक माझी, मी रंग तपासायला हवा होता, मजुरी परत पाठवत आहे. आणि दुसऱ्या दिवशी २,५०० रुपये खरोखर परत केले. तेव्हा घरात शिल्लक किती होती हे मला ठाऊक आहे, म्हणून या रकमेचे मोल मी जाणतो. तेव्हापासून प्रत्येक साडीचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहिल्याशिवाय त्या कात्री लावत नाहीत, आणि तेही शनिवारी दाखवतात.

ते गिऱ्हाईक परत आले नाही. बिघडलेली साडी काही नवी होत नाही. परंतु ती तक्रार आणि ते उत्तर अजून पानावर आहे. नंतर आलेल्या दोघीतिघींनी सांगितले की, ते वाचूनच आम्ही साड्या पाठवायचे धाडस केले.

आपल्या मुंबईतलेच एक जुने उदाहरण देतो. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तीच पुढे लिज्जत पापड म्हणून घराघरात गेली. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करीत, एक चांगला आणि एक स्वस्तातला हलका. त्यांचे मार्गदर्शक छगनबाप्पा यांनी सांगितले की एकच प्रत ठेवा, चांगली, आणि तिच्यात तडजोड करू नका. तेव्हा फोन नव्हता, फॉलोअर्स नव्हते. पण आज ज्याला खरा फॉलोअर म्हणतात तो त्या काळीही होता: पापड खाऊन शेजारणीला नाव सांगणारी बाई.

खरा माणूस ओळखावा कसा?

याची एक साधी कसोटी सांगतो. व्हॉट्सॲपवर अनेकांना एकदम निरोप पाठवण्याची सोय आहे, तिला ब्रॉडकास्ट यादी म्हणतात. तुम्ही यादीत कितीही नावे घाला, निरोप पोहोचतो तो फक्त त्यांना, ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये नावासहित जतन केला आहे. म्हणजे ज्या माणसाने बोटांनी "गोधडीवाल्या ताई" असे लिहून ठेवले, तोच तुमचा. ही गोष्ट कोणालाही विकत घेता येत नाही. म्हणून वहिनी प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगतात, "माझा नंबर सेव्ह करा बरं का, म्हणजे शनिवारचं काम दिसेल." आज अशी ९६ माणसे आहेत. पानावर ४२८ आहेत. मी त्यांना विचारले की मोठा आकडा कोणता, तर म्हणाल्या, "शहाण्णव."

अमेरिकेतले लेखक केविन केली यांनी २००८ साली लिहिले होते की, कलावंताला लाखोंची गरज नाही. त्याचे काम आवर्जून विकत घेणारे हजार खरे चाहते मिळाले तरी त्याचे पोट भरते. गोधडीला हजारही नकोत. दोन हात वर्षाला शिवून शिवून किती शिवणार?

ही नावे मी वहिनींना एका साध्या दोनशेपानी वहीत लिहायला लावली आहेत. नाव, नंबर, काय घेतले, आणि शेवटचा रकाना: "कुठून कळले". हा रकाना सर्वांत महत्त्वाचा. आठ महिन्यांत २६ गोधड्या गेल्या. त्यातल्या १७ जुन्या गिऱ्हाईकाने सांगितले म्हणून, ६ पान पाहून आणि ३ वस्तीतल्या ओळखीतून. म्हणजे पान हे दुकानाची पाटी आहे. गिऱ्हाईक आणते ते समाधानी गिऱ्हाईकच. पण ते सांगते तेव्हा दाखवायला पान लागते, हेही तितकेच खरे.

पैशाचा हिशेबही देतो, कारण या विषयावर बोलणारे लोक एक तर लाखांच्या गोष्टी सांगतात किंवा काहीच सांगत नाहीत. १५ बाळाच्या गोधड्या, प्रत्येकी ७००, झाले १०,५०० रुपये. ११ मोठ्या, प्रत्येकी २,५००, झाले २७,५००. एकूण ३८,०००. त्यातून परत केलेले २,५०० आणि दोरा, अस्तर, पोस्टाचा खर्च ८,५०० वजा जाता उरले २७,०००. म्हणजे महिन्याला साडेतीन हजारांच्याही आत. एवढ्यावर घर चालत नाही. पण बचत गटाचे कर्ज फिटले आणि मुलीची कॉलेजची फी वेळेवर गेली. ज्या घरात वर्षभर पगार आलेला नाही, त्या घराला याचा अर्थ मी सांगायला नको.

वही ठेवण्याचे दुसरे कारण असे की, पान आपले नसते. ते कंपनीच्या जागेवरचे असते. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकवर बंदी घातली तेव्हा खेड्यापाड्यांतल्या कितीतरी मुलामुलींनी मेहनतीने जमवलेले लाखो चाहते एका रात्रीत नाहीसे झाले. ज्यांच्याकडे लोकांचे नंबर नव्हते त्यांना परत शून्यापासून सुरुवात करावी लागली. वही मात्र कोणी बंद करू शकत नाही. पानाला दुहेरी कुलूपही लावा, म्हणजे पासवर्डशिवाय फोनवर येणारा आकडाही मागेल अशी सोय चालू करा, आणि तो आकडा कोणालाही सांगू नका.

सावध राहायच्या चार गोष्टी

पान थोडे नावारूपाला आले की मासे पकडणारेही येतात. "तुमचे पान बंद होणार आहे, या दुव्यावर जा" असा निरोप आला तर समजा की पान पळवायचा डाव आहे. पैसे पाठवल्याचा नुसता फोटो दाखवून माल मागणारे भेटतात. बँकेचा निरोप तपासल्याशिवाय माल सोडू नका. आणि पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही, तो पैसे देताना लागतो, हे घरात सर्वांना पाठ करून द्या. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका, ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा.

दुसरे, घरच्याच मंडळींना "फारच सुंदर, पाच तारे" असे लिहायला सांगू नका. खोट्या अभिप्रायांना आळा घालण्यासाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ साली मानक काढले आहे. मानकाचे राहू द्या, पण तुमच्या मेहुण्याने लिहिलेले कौतुक ओळखू येतेच!

तिसरे, एखाद्या प्रसिद्ध मुलाला किंवा मुलीला पैसे अगर फुकट माल देऊन स्तुती करून घेतली, तर ती जाहिरात आहे असे त्याने स्पष्ट सांगितले पाहिजे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये याबाबत सूचना काढल्या आहेत. दिशाभूल करणारी जाहिरात ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते.

चौथे, बक्षिसाचे आमिष. "पान फॉलो करा आणि गोधडी जिंका" असे केले की बक्षीस शोधणारे येतात आणि निकाल लागला की जातात. तीही एक प्रकारे विकत घेतलेली गर्दीच.

आपण शेजाऱ्यांनी काय करावे?

आता थोडे आपल्या सर्वांसाठी. वस्तीतली एखादी बाई असा धंदा सुरू करते तेव्हा आपण काय करतो? फोटोखाली अंगठा दाखवतो आणि समोर भेटली की म्हणतो, "आम्हाला काय पैसे लावता काय?" बंधू-भगिनींनो, हा अंगठा तिच्या हप्त्याला उपयोगी पडत नाही. आपल्या माणसाचा माल म्हणून फुकट किंवा उधार मागणे ही मदत नव्हे.

खरी मदत साधी आहे. गरज असेल तर पूर्ण भावाने घ्या. गरज नसेल तर घेऊ नका, दया म्हणून घेतलेल्या वस्तूने धंदा उभा राहत नाही. घेतली आणि आवडली तर ज्याला ती लागेल अशा एका माणसाला स्वतःच्या चार शब्दांसह कळवा. दोष आढळला तर तिला सांगा, गल्लीला नव्हे. आणि धंदा करणाऱ्यांनीही एक पथ्य पाळावे. वस्तीच्या गटावर कोणाच्या मृत्यूची, रक्ताच्या गरजेची बातमी असते. तिच्याखाली आपल्या मालाचे फोटो टाकू नयेत. लोक बोलत नाहीत, पण नंबर बंद करतात.

परवा वहिनींच्या घरी गेलो होतो. पाठीमागे दोरीवर दोन साड्या वाळत होत्या. मुलगी म्हणाली, "काका, तो मुलगा परत आला होता. म्हणे आता चारशे अठ्ठावीस आहेत, दोन हजारांत वीस हजार करून देतो."

"मग?" मी विचारले.

वहिनी टाका घालता घालता म्हणाल्या, "त्याला म्हटलं, बाबा, त्या वीस हजारांतल्या एकीला आधी माझ्याकडं साडी घेऊन पाठव. मग पैशाचं बोलू."

तुमच्या घरात कोणी असा धंदा करीत असेल तर या रविवारी एक वही घ्या आणि "कुठून कळले" हा रकाना आखून बसा. आठवतील तेवढी गिऱ्हाइके लिहा. दहाच नावे निघाली तरी निराश होऊ नका, सुरुवात त्या दहांपासून करा. काही अडले तर रविवारी सकाळी मी घरीच असतो.